उजवा कोणाचा?

रस्त्याने जाताना तुम्ही ज्याच्याकडे बघून नाक मुरडता ना, तो हिरवट, बोजड, लष्करातला जुना ट्रक मी. नावड्याच्या गोटीरामच्या अंगणातून बोलतोय.

तरुणपण डोंगरात सामान वाहण्यात गेलं. अठ्ठ्याहत्तर साली लिलावात गोटीरामने मला घेतलं, पाठीवर पाण्याची टाकी बसवली. बेलापूरच्या टेकडीवर नवी वस्ती उभी राहत होती, तिला मी पाणी पोचवायचो. घरात मला 'गाडी' म्हणत. मी मनाला लावून घेतलं नाही.

चढावर माझे ब्रेक एकट्याने धरत नसत. म्हणून गोटीरामची बायको मालतीबाई सोबत यायची. मी थांबलो की उडी मारून मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावायची.

चौऱ्याऐंशीच्या माघात चढावर माझा मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं धरणारा दांडा, तडकला. ठोकळा उडाला, मी मागे घसरलो. मालतीबाई वीतभर अंतराने वाचली. मला हाक मारता येत असती, तर तेव्हा मारली असती.

गोटीरामने उतरून तडकलेला दांडा पाहिला. "आता ही भंगारात."

"नाय," ती म्हणाली. "ठोकळ्याबिगर चढावर उभी राहील, तवाच मी चहा घेईन."

"तुझा चहा सुटला म्हनजे माझंच हाल हाय," तो पुटपुटला.

त्यांच्याच घरातल्या एका खोलीत भाड्याने राहणारे रावसाहेब तळोज्याच्या कारखान्यात फिटर होते, मूळचे जालन्याकडचे. सुट्टीचा रविवार त्यांनी मला दिला. दुसऱ्या एका गाडीचा धडधाकट अ‍ॅक्सल मिळवला. त्याला जुन्या बंद ड्रमऐवजी डिस्क ब्रेक लावायचे ठरवले: चाकाबरोबर फिरणारी उघडी पोलादी थाळी, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारा जबडा. पुठ्ठ्यावर माप काढून, त्याबरहुकूम जबडे धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या कापून, त्या कानशीने घासून बसवल्या. लष्करातले कारागीर मी पाहिलेत, पण इतका धीराचा हात नाही पाहिला.

दोन जबडे त्यांनी माझ्या तोंडासमोर पोत्यावर मांडले, ज्या बाजूचा त्या बाजूला. "वहिनी, उजव्याला कुंकू लावून ठेवा. पुढच्या रविवारी बसवताना चुकायला नको."

मालतीबाईने हात जोडले, कुंकू लावलं.

पुढच्या रविवारी खुणेप्रमाणे जबडे बसले, आणि सगळं बिनसलं. पेडल दाबलं की मऊ, लोण्यात पाय घातल्यासारखं. ब्रेकच्या तेलाच्या नळीत अडकलेली हवा काही केल्या निघेना. दुपार टळली तरी दोघे घामाघूम.

"भाऊ, ऱ्हाऊ द्या," गोटीराम म्हणाला. "उद्या भंगारवाल्याला सांगतो."

मालतीबाई देवीला फुलं वाहायला गेली आणि लगबगीने परत आली.

"भाऊ, तुमी उजवा म्हनालात, तो कोनाचा? माझा का गाडीचा?"

"गाडीचा. का?"

"देवीच्या समोर हुबी होते. तिचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला व्हता. त्या दिवशी गाडीसमोर पन मी तशीच हुबी ऱ्हायले, नि माझ्या उजव्याला कुंकू लावलं."

रावसाहेब चाकाखाली वाकले आणि हसतच बसले. जबडे उलटसुलट लागले होते. हवा सोडायचं तोंड खाली, आणि हवा वर जाऊन बसलेली. "चूक माझी, वहिनी. उजवा कोणाचा, ते सांगायचं राहिलं."

जबडे बदलले. बुडबुडे सुटले. पेडल दगडासारखं घट्ट झालं.

दुसऱ्या दिवशी भरल्या टाकीनिशी आम्ही त्याच चढावर होतो. गोटीरामने मध्येच पाय दाबला. मी थांबलो. ठोकळा मालतीबाईच्या मांडीवरच होता. तिने तो खाली ठेवला आणि त्यावर निवांत पाय टेकवले. वस्तीतल्या सुंदराबाईंनी चहा आणला. पहिला घोट घेताना मालतीबाईचे डोळे मिटले होते.

आता अठ्ठ्याऐंशी साल. वस्तीत नळ आलेत, मी बहुतेक वेळ उभाच असतो. पण डाव्या जबड्यावरचं ते कुंकू कोणी पुसलेलं नाही. तुम्हीही पुसू नका, एवढंच मागणं.

दर दसऱ्याला मालतीबाई पूजेचं ताट घेऊन येते. आधी हात जोडते. मग माझ्याकडे पाठ करते, मी बघतो तिकडेच बघत उभी राहते, आणि उजवा हात पुढे करून विचारते, "हा उजवा ना रे?"