‘अजून जरा बसा’ या नावाची खरी हकीकत

सुज्ञ वाचकहो, चाकांवरच्या घरांना कारखानदार जी अजब नावे ठेवतात, त्यांपैकी एका नावाचा जन्म कोठे झाला व ते माझ्यापासून कोणी नेले, ही हकीकत मी यथामती निवेदन करणार आहे. आमच्या आमिश या जुन्या चालीच्या ख्रिस्ती समाजात आठवीपुढे शाळा नाही. सबब भाषेत दोष आढळल्यास क्षमा असावी.

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या उत्तरेकडे, आमच्या भागात, मोटारीमागे ओढून न्यायची घरे बनतात. आम्ही स्वतः मोटार बाळगत नाही, बग्गीतून फिरतो. तथापि ती घरे घडवणारे निम्मे हात आमचेच. तयार घरावर नाव चिकटवण्याचे काम अकरा वर्षे माझ्याकडे होते. साबणाचे पाणी फवारावे, अक्षरांचा कागद लावावा आणि रबरी पट्टीने बुडबुडे मधून कडेकडे सारावेत. या हातांनी मी ‘विजेचा पंजा’ चिकटवला. ‘दरोडेखोर’ चिकटवला; त्याच्या पोटात फुलाफुलांचे पडदे आणि चहाच्या कपांसाठी खुंट्या असत. ‘पिसाट अस्वल’ तर कारखान्याच्याच आवारात चिखलात रुतले. ते मर्विनच्या दोन घोड्यांनी ओढून काढले.

मर्विन लॅम्ब्राइट हा माझा बालमित्र. तो माझ्याहून तीन आठवड्यांनी लहान. आमच्याकडे प्रार्थनेला पुरुष वयाच्या क्रमाने बसतात, त्यामुळे जन्मभर तो माझ्या डाव्या हाताला. कारखान्याच्या वाटेवरही, भाड्याच्या व्हॅनमध्ये, तो शेजारीच असे.

“ऑर्ला, हा ‘दरोडेखोर’ विकत घेणारा माणूस असतो तरी कसला रे?” एका सकाळी त्याने विचारले.

“दातांचा डॉक्टर असतो. तोही बायकोला विचारून घेतो.”

“आणि तुला ठेवायला सांगितलं तर काय नाव ठेवशील?”

माझी पत्नी एल्नोरा त्याच हिवाळ्यात निवर्तली होती. पाहुणे घोडा जुंपू लागले की ती पायरीवर येऊन म्हणे, “अजून जरा बसा.” घोडा जुंपलेला असतानाही म्हणे. तिच्यामागे ते शब्द माझ्या तोंडून निघाले नव्हते. त्या सकाळी प्रथमच निघाले.

“‘अजून जरा बसा’,” मी म्हणालो. “पण हे कुणाला सांगू नकोस, मर्विन. तिचं आहे ते.”

“माझ्या पोटात राहील,” तो म्हणाला, आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. त्याला माझे दुःख समजले, असे मला वाटले.

तदनंतर वसंतात नव्या घराच्या अक्षरांची गुंडाळी आली. मी पाणी फवारले, गुंडाळी उलगडली, आणि माझ्यासमोर हातभर उंचीच्या अक्षरांत एल्नोरा बोलली. घराच्या अंगावरचे पाणी वाळू लागले तरी मी तसाच उभा होतो.

“काय झालं, शब्द आवडले नाहीत?” मुकादम डग म्हणाला. “नावं सुचवायला पेटी ठेवली होती ना, तुमच्यातल्याच माणसाने तीत टाकलेलं नाव आहे. सगळ्यांत हेच पसंत पडलं.”

त्याने कंपनीचे छापील पुस्तक दाखवले. त्यात काळी टोपी घातलेल्या एका मनुष्याची पाठ होती, कारण आम्ही चेहऱ्याचे छायाचित्र काढू देत नाही. मर्विनने नियम पाळला होता. पण ती पाठ मी ओळखली. खाली लिहिले होते की श्रीमती वेल्डा लॅम्ब्राइट आपल्या पाहुण्यांना नेहमी असे म्हणतात. वेल्डावहिनी कॉफी संपायच्या आत पाहुण्याची टोपी त्याच्या हातात देतात, हे आमच्या पंचक्रोशीत सर्वश्रुत आहे.

रविवारी घोडे बांधायच्या आडव्या दांडीपाशी मी त्याला गाठले.

“अरे, दाराशी बोललेल्या शब्दांना मालक असतो का?” तो म्हणाला.

“नसतो. मग वेल्डावहिनींना कशाला केलंस?”

तो घोड्याचा पट्टा सारखा करीत राहिला. “तूच टाकायचं होतंस पेटीत.”

“आपलं नाव पुढे करणं म्हणजे गर्व.”

“मग आता दुखतंय ते काय आहे? तोही गर्वच की.”

“माझं नाव नकोय रे मला. तिचं हवंय.”

आमच्यात प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, वसंतात व शरदात असा वर्षातून दोनदा होतो; त्याच्या दोन आठवडे आधी प्रत्येकाला विचारले जाते, तुझे सर्वांशी सख्य आहे काय? एकाने जरी नाही म्हटले तरी साऱ्या मंडळीचे भोजन खोळंबते. त्या सभेच्या आदल्या सायंकाळी मर्विन माझ्या अंगणात आला.

“सोमवारी ऑफिसात जाऊन सांगतो, शब्द एल्नोराचे आहेत म्हणून. तू उद्या हो म्हण. माझ्यामुळे सगळ्यांचं अडायला नको.”

दुसऱ्या दिवशी बिशपांनी विचारले आणि मी हो म्हणालो.

दोन सोमवार गेले. प्रभुभोजनाच्या दिवशी पुरुष जोडीजोडीने एकमेकांचे पाय धुतात. जोडी शेजाऱ्याची, म्हणजे आमची. घंगाळात त्याचा पाय हातात धरून मी हळूच विचारले, “सांगितलंस?”

“शब्द तिचेच होते, ऑर्ला. मला ठाऊक आहे.”

“हे मला सांगतोयस. त्यांना?”

“नवी पुस्तकं छापून झाली रे.” आणि थोड्या वेळाने, “पाय काढू का?”

मी त्याचा पाय पुसला. रिवाजाप्रमाणे आम्ही उठून एकमेकांस शांतीचे चुंबन दिले. माझे ओठ त्याच्या गालाला लागले, एवढेच.

सोमवारी मी डगला सांगून नावे चिकटवण्याचे काम सोडले. आता खिडक्या बसवतो. सायंकाळी बिशपांकडे जाऊन माझे ‘हो’ खोटे होते असे कळवले. ते म्हणाले, मनात सख्य येईपर्यंत तुला प्रभुभोजनाला बसता येणार नाही. शरद ऋतूतील भोजन झाले. मर्विन माझ्या जागी एक माणूस पुढे सरकून बसला होता, असे ऐकले. मी घरी पायरीवर होतो. समोरच्या रस्त्याने एका मोटारीमागून एल्नोराचे शब्द दक्षिणेकडे निघून गेले.

शेवटी स्वतःचे नाव लिहितो, त्यास कोणी गर्व समजू नये. आपण येथवर बसलात, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
ऑर्ला श्रॉक,
एल्नोराचा नवरा