झाकणावरचा टिळा

मित्रांनो, माझा आवाज ऐकून तुम्ही कधीतरी घाईघाईने खिडकी लावून घेतली असेल. मला त्याचा राग नाही. मी एक जुनी करवत आहे, पेट्रोलवर चालणारी, साखळीला दात असलेली. दुकानात मला चेनसॉ म्हणतात. माझे मालक सहदेवकाका नुसतं 'मशीन' म्हणतात. पण म्हणताना माझ्या पाठीवरचा भुसा हाताने झटकतात, म्हणून मला ते लाडाचं नाव वाटतं.

ज्या कारखान्यात मी तयार झाले, तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो पेट्रोलचा पहिला घोट. माझ्या इंजिनाला वंगण वेगळं मिळत नाही, म्हणून पेट्रोलमध्येच थोडं ऑइल मिसळावं लागतं. काका हे मिश्रण स्वतः मोजून करतात आणि काम लांबणीवर पडणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवतात, कारण फार दिवस पडून राहिलेलं पेट्रोल बिघडतं. एवढी काळजी सगळ्याच मशीनच्या वाट्याला येत नाही, हे मी भंगारवाल्याच्या टेम्पोत पाहिलं आहे.

मुलुंड आणि नाहूरच्या सोसायट्यांमध्ये आम्ही परवानगी मिळालेल्या धोक्याच्या फांद्या उतरवत आलो. एकदा वाऱ्याने फाटकावर पडलेला गुलमोहर आम्ही बाजूला केला, तेव्हा तिथल्या आजींनी काकांना चहा दिला आणि मला ठेवायला ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं. मला अजून ते पान आठवतं.

गेल्या दसऱ्यानंतर मात्र मला काहीतरी झालं. सुरू करायची दोरी एकदा ओढली की मी लगेच सुरू व्हायचे, जोरात कापायचे, आणि मग घसा कोरडा पडावा तसा माझा आवाज बारीक, चिरका व्हायचा. लगेच बंद. जरा वेळ तशीच ठेवली की पुन्हा सुरू.

काकांचा पुतण्या सुयोग त्यांच्याबरोबर काम करतो. तो म्हणाला, "काका, वाट लागलीय हिची. बॅटरीवाली घेऊया ना, झकास चालते."

"गप रे. पेट्रोल बदलून बघू आधी."

पेट्रोल बदललं. प्लग नवा घातला. हवेचा फिल्टर ब्रशने साफ केला. टाकीतला पेट्रोलचा फिल्टर बदलला, नळीला चीर आहे का तेही पाहिलं. तरी मी मधेच बंद पडतच होते.

मग एका सोनमोहोरावर, काका स्वतःला खोडाशी दोराने बांधून उभे असताना, अर्धी फांदी कापून झाल्यावर मी थांबले. माझी पात फांदीत अडकली आणि फांदी काकांच्या बाजूला वळली. काका वाचले, फक्त कोपर सोललं.

घरी जानकीकाकूंनी कोपराला हळद लावली आणि माझ्याकडे बोट केलं. "तुमी थय वर, आणि ह्या मधीच गप! फांदी उलाटली तर मी कोणाक इचारू? उद्या ह्या भंगारात. माका कायएक सांगू नकात."

"एकदा संघमित्राक दाखवतंय. तिना नाय म्हटल्यान तर टाक."

"मी येतंय तुमच्या वांगडा. थयसूनच भंगारवाल्याकडे."

संघमित्रा म्हणजे नाहूरच्या अंबादासभाऊंची मुलगी. सायन्स शिकली आणि आता वडिलांचं दुचाकीचं गॅरेज तीच बघते. तिथे मला सुरू केलं, तर मी सुरू! शहाण्या बाळासारखी.

"बघ, हिचं असंच आहे," सुयोग म्हणाला. "डॉक्टरकडे गेलं की ताप गायब."

"मग ताप येईपर्यंत थांबू," संघमित्रा म्हणाली. "काका, तो ओंडका घ्या. कापत राहा. बंद पडली की कोणी हात लावायचा नाही. सुयोग, तू तर अजिबात नाही."

काका कापत राहिले. माझा आवाज चिरका झाला, मी थांबले. सुयोगचा हात प्लगकडे गेला.

"ए, हात लावू नको म्हटलं ना!" तिने माझ्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण अगदी हळू सैल केलं. फुस्स! बाहेरची हवा आत शिरल्याचा आवाज झाला. झाकण लावून तिने दोरी ओढली. मी लगेच सुरू झाले.

"हिला श्वास घेता येत नाहीये, काका. टाकीतलं पेट्रोल संपत जातं, तशी त्याच्या जागी हवा आत यायला पाहिजे. नाही आली तर पेट्रोल पुढे सरकत नाही. हवा यायला ह्या झाकणात एक बारीक भोक असतं." तिने झाकण उजेडात धरलं. "आणि ते बुजलंय. हे लाल काय आहे?"

सगळे झाकणाकडे बघू लागले. जानकीकाकू सोडून.

"कुंकू असा ता," त्या हळूच म्हणाल्या. "दसऱ्याक मीच पूजा केलंय. दरवर्षी हे पातीक लावतत, ता पुसान जाता. म्हटलंय, ह्या गोल झाकण कपाळासारख्या दिसता. तेलात कालवून चांगलो ठसठशीत टिळो लावलंय."

मग काका हसायला लागले. "अगो, टिळो लावलंस की बूच मारलंस?"

"हसा! माझ्या हातान तुमचो जीव गेलो असतो," काकू म्हणाल्या. त्यांनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली, संघमित्राच्या हातातून झाकण घेतलं आणि तेल-भुशाने घट्ट झालेलं कुंकू स्वतः टोकरून काढलं. शेवटी संघमित्राने भोकात हवा मारली आणि मला तासभर कापायला लावलं. मी एकदाही थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच सोनमोहोरावर गेलो. ती अर्धी कापलेली फांदी बालवाडीच्या दारावर लोंबकळत होती आणि मुलं शेजारच्या मंदिरात बसत होती. काका वर चढले. काकू खाली, सुयोगच्या मागे उभ्या. मित्रांनो, त्या वर बघत नव्हत्या. डोळे मिटून माझा आवाज ऐकत होत्या. मी एका सुरात चालले. फांदी दोरावरून अलगद खाली आली आणि काकूंनी डोळे उघडले.

भंगाराचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. त्या टिळ्याबद्दल माझ्या मनात कसलीही तक्रार नाही. किती मशीनना कपाळ असतं, सांगा! माझ्यावर चुकूनही माया झाली, आणि माया करणारीच ती चूक दुरुस्त करायला पिन घेऊन बसली.

तुमच्या घरातलं जुनं यंत्र अडखळू लागलं तर त्याला फेकण्याआधी जरा वेळ त्याच्याजवळ बसा. ते कधी थांबतं, थांबण्याआधी आवाज कसा होतो, कशाने पुन्हा चालतं, हे नीट बघा. आम्हाला बोलता येत नाही; आम्ही एवढंच सांगू शकतो.

यंदाच्या दसऱ्याला काकूंनी ताट आणलं. झाकणापाशी बोट नेलं, थांबल्या, आणि टिळा माझ्या मुठीवर लावला. दुसऱ्या दिवशी काम संपवून काकांनी मला खाली ठेवलं, तेव्हा त्यांचा तळहात लाल झाला होता.