सुगन कंवरची बिरजीस

"बसून माप द्या, भाभीसा," पडद्याबाहेरून पूनाराम दर्जी म्हणाला. "उभ्यानं घेतलेलं माप खोगिरावर फसवतं."

पडद्याआड लाकडी घोडी होती, तिच्यावर जुनं खोगीर. सुगन कंवर त्यावर बसली. दर्ज्याची बायको भंवरी माप घेऊ लागली आणि थांबली.

"गुडघ्याला हे काय झालंय, हुकम?" तिनं अदबीनं विचारलं.

"त्यांची बिरजीस घालत होते. शिवण घासते."

सुगनचे यजमान हणवंतसिंह जोधपूरच्या मैदानावर मुलांना घोडेस्वारी शिकवायचे. होळीनंतर तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. त्यांची घोडी बादली कुणालाच पाठीवर घेईना. माहेरी भावांबरोबर घोडी फिरवलेली सुगन एका पहाटे, नवऱ्याची बिरजीस, म्हणजे घोडेस्वारीची विजार, नाडीनं आवळून, तिच्यावर बसली. बादली मुकाट चालली. मैदानावरच्या लोकांनी विचारलं, मुलांना तुम्हीच शिकवाल का? ती हो म्हणाली.

पूनारामनं तीच जुनी बिरजीस हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"मांडीला ऐसपैस हवी, म्हणजे पाय टाकताना अडत नाही. पोटरीला चापून, म्हणजे कापड गोळा होत नाही. ही त्यांच्या पायावर बेतलेली. तुम्हाला कशी सोसणार? पण कापड पक्कं आहे. हीच कापून लहान करून देऊ?"

सुगननं पडदा सारून पाहिलं. विजारीच्या गुडघ्यांवर लावलेल्या चामड्याला हणवंतसिंहांच्या पायाचा बाक तसाच होता.

"नको," ती म्हणाली. "नवी शिवा."

घरी सासू अंगणात बाजरी पाखडत होती. गेले कित्येक दिवस तिनं सुनेशी धड बोलणं टाकलं होतं. विधवेनं विजार घालून पाय दाखवत हिंडायचं, एवढंच एकदा म्हणाली होती. "पाय आतच असतात, सासूसा," असं सुगननं सांगून पाहिलं होतं, पण उपयोग झाला नव्हता.

आज सासूनं सूप खाली ठेवलं. "दर्ज्याकडे गेली होतीस?"

"हो."

"माझ्या पोराची कापलीस?"

इतके दिवस म्हातारी कशाला भीत होती, ते सुगनला आत्ता कळलं. पिशवीतून बिरजीस काढून तिनं सासूच्या मांडीवर ठेवली. सासूनं ती उलगडली, शिवणींवरून बोटं फिरवली, पुन्हा घडी घातली. मग ती आत घेऊन गेली.

नवी बिरजीस आली त्या सकाळी सासू दारात उभी होती.

"वळ जरा."

सुगन वळली. सासूनं वाकून पोटरीवर राहिलेला कच्चा दोरा दातानं तोडला.

"पूनारामची नजर गेली आता," ती म्हणाली. "जा. पोरं खोळंबली असतील."

मैदानावर सुगननं बादलीला आधी चालीवर घेतलं, मग दुडकीवर. काही घासत नव्हतं, काही ओढत नव्हतं. घोडी खुशीत होती. पहिला फेरा पुरा झाला, दुसराही. तिसऱ्या वळणावर तिच्या ध्यानात आलं, की घरातून निघाल्यापासून आपल्याला हणवंतसिंह एकदाही आठवले नाहीत.

तिनं लगाम ओढला. बादली थबकली, कान मागे करून वाट पाहू लागली. सुगन वाकली आणि तिच्या मानेवर हात ठेवून तशीच राहिली.

कुंपणाशी मुलं उभी होती. मग ताठ बसून तिनं त्यांतल्या सगळ्यात लहान मुलीला हाक मारली.