पुजलेला फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि मी चिडलेलो आहे. आपली कहाणी सांगताना गोड बोलायचं असतं म्हणे. मला ते जमायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. ऐकायचं तर ऐका.

मी शाळेतला फळा नव्हे. मला पाढे येत नाहीत, सुविचार तर मुळीच येत नाहीत. कोल्हापुरात शाहूपुरीच्या एका बोळात एक छोटा छापखाना आहे. तिथं कागदाच्या खोलीच्या दाराशेजारी मी टांगलेलो आहे. जोतीराम सुतारानं मला घडवलं. काळ्या रंगाचे तीन हात दिले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "ह्यो आता धा वर्सं कुठं जात न्हाय." त्याला आता सोळा वर्षं झाली.

मी यायच्या आधी तिथं काय चालायचं ते ऐकाल तर कपाळावर हात माराल. मालक गणपतराव माणूस मनाचा चांगला, पण कामाची रीत अशी, की काम आलं की मग कागद शोधायचा. मशीन चालू असतानाच कागद संपायचा. मग मशीनवाला कृष्णात स्कूटर काढायचा आणि पायांत दोन रिमं दाबून बाजारातून परत यायचा. तयार माल पाठवायची तऱ्हा त्याहून भारी! गगनबावड्याच्या दूध संस्थेची बुकं सुतळीनं बांधायची, नाक्यावर जाऊन मिळेल त्या वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या, जीपमध्ये ठेवायची आणि ड्रायव्हरला सांगायचं, "पावणं, तेवढं बावड्याला उतरवा की." ना पावती, ना नाव. एकदा तो गठ्ठा घाट उतरून थेट कोकणात गेला आणि आठ दिवसांनी भिजून परत आला. सगळे हसले. मला सांगा, यात हसण्यासारखं काय होतं?

त्याच आठवड्यात लालासाबनं मालकाकडं मला मागून घेतलं. लालासाब म्हणजे कागदाची खोली सांभाळणारा आणि माल रवाना करणारा माणूस. कमी बोलणारा. त्यानं माझ्यावर तीन रकाने आखले. पहिल्यात काय शिल्लक आहे, दुसऱ्यात कुणाचं काम आणि किती माल लागणार, तिसऱ्यात कधी पोचवायचं. एवढंच! रोज सकाळी खोलीत जाऊन गठ्ठे मोजायचे आणि माझ्यावर आकडा बदलायचा. कागद कमी पडतोय असं दिसलं की त्याखाली रेघ. रेघ दिसली की मालकानं व्यापाऱ्याला फोन करायचा. मंगळवारी पेठ वडगावचा माल, शुक्रवारी गगनबावड्याचा, ठरलेल्या टेम्पोनं, पावती घेऊन.

काय दिवस होते ते! वर्षभरात एकदाही मशीन कागदावाचून थांबलं नाही. गणपतराव गिऱ्हाइकांना माझ्यासमोर उभं करायचे आणि म्हणायचे, "ह्यो आमचा खरा म्यानेजर. पगार न्हाय, सुट्टी न्हाय." मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग मालकांचा राजवीर शिकून धंद्यात आला. पोरगा हुशार. त्यानं मोबाइलवर छापखान्याचा ग्रुप काढला आणि म्हणाला, "आता सगळं ग्रुपवर टाकायचं, फळ्याचं काय काम?" ग्रुपवर सकाळी फुलांची चित्रं यायची, दुपारी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक यायचा, आणि त्या ढिगाखाली कुठंतरी 'कागद संपत आलाय' हे गाडलेलं असायचं. लालासाब तरीही माझ्यावरच लिहीत राहिला. माझ्या खिळ्याला हेल्मेट टांगलं गेलं, त्यावर कुणाचा तरी रेनकोट. त्यातूनही मी ओरडायचं सोडलं नाही. फळ्याचं ओरडणं म्हणजे ठळक अक्षर, दुसरं काय!

गेल्या वर्षी नवरात्र सरता सरता झुंबरबाई आल्या. शिरोळकडच्या एका गावात त्यांचा बत्तीस बायकांचा बचत गट आहे. पुण्याच्या एका कंपनीनं त्यांच्याकडून दिवाळीचा फराळ मागवला होता. तीन हजार खोकी. त्यांचं हे पहिलंच मोठं काम.

"मालक," झुंबरबाई म्हणाल्या, "फराळाचं आमी बघतो. पर कंपनी खोक्याबिगर हात लावायची न्हाय. बत्तीस बायका शेतातली भांगलणीची कामं सोडून हितं गुतल्यात. ह्यो माल येळंवर गेला तर फुडच्या वर्साला बी काम हाय. न्हाय गेला तर परत विळा-खुरपं."

"काय काळजी करू नका मावशी. झालीच समजा!" गणपतराव म्हणाले.

लालासाबनं खोलीत जाऊन पुठ्ठा मोजला आणि माझ्यावर लिहिलं: 'पुठ्ठा शिल्लक ६ गठ्ठे. झुंबरबाईंना १५ लागतात. ९ मागवा.' खाली एक नाही, दोन रेघा. दिवाळीच्या तोंडावर व्यापारी पुठ्ठा द्यायला दहा-बारा दिवस लावतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती होती खंडेनवमीची आदली संध्याकाळ. मालक घरी गेले होते, उद्या सकाळी बघतील म्हणून तोही घरी गेला.

आणि उजाडली खंडेनवमी!

सकाळी सकाळी सगळी मशीनं धुतली, पुसली, झेंडूचे हार घातले. कागद कापायच्या मशीनला हळद-कुंकू, पान्यांना हळद-कुंकू. मला आनंदच होता. वर्षातून एकदा हत्यारांचा मान करतात, त्यात वाईट काय? पण राजवीर ओलं फडकं घेऊन माझ्याकडं वळला आणि एका हातासरशी सगळं पुसून टाकलं. सहा गेले, पंधरा गेले, दोन्ही रेघा गेल्या. एकदा तरी वाचायचं होतंस, लेका! त्यानं रंगीत खडूनं मधोमध मोठा 'श्री' काढला, भोवती वेलबुट्टी, खाली 'शुभ लाभ'. मला हार घातला, फोटो काढला, मोबाइलवर सगळ्यांना दाखवला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीनं हार उतरवून कामाला लागली. मी नाही. "राहू दे दिवाळीपतोर, कसलं झकास दिसतंय," गणपतराव म्हणाले. आल्यागेल्यांनी मला नमस्कार करायला सुरुवात केली. ज्यांनी आयुष्यात कधी माझ्यावरचा आकडा वाचला नाही, ते माझ्यापुढं हात जोडत होते!

लालासाब खडू घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्यानं 'श्री'कडं बघितलं. हात वर गेला, तसाच खाली आला. त्याला कुणी काही म्हटलं नव्हतं, म्हणणारही नव्हतं. पण तो मुसलमान, आणि पुसायचा होता 'श्री'. तीस वर्षं तिथं भाकरी खाल्लेल्या माणसाला तेवढं धाडस झालं नाही, आणि 'पूस की' असं त्याला सांगायलाही कुणाला सुचलं नाही. खडू त्यानं खिशात टाकला. मला सगळ्यात जास्त राग त्या क्षणाचा आहे.

तो मालकांकडं गेला. "मालक, पुठ्ठा मागवायला पायजे."

"व्हय व्हय, बघतो." मालकांच्या एका कानाला फोन होता.

पुन्हा दोन दिवसांनी. पुन्हा "व्हय व्हय." गणपतरावांना वाटलं राजवीरनं मागवला. राजवीरला वाटलं बाबांनी मागवला. कृष्णातला वाटलं, आपल्याला काय करायचंय, आपण छापतोय. आणि मी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, हार घालून, मुका.

वसुबारसेच्या तीन दिवस आधी बाराशे खोकी झाली आणि मशीन थांबलं. नेमका त्याच दुपारी झुंबरबाईंचा टेम्पो दारात आला.

"बाराशे? आन् बाकीची?"

"चार दिसांत देतो, मावशी. पुठ्ठा संपला बघा अचानक," गणपतराव म्हणाले.

अचानक! मला खिळ्यावरून खाली उडी मारावीशी वाटली.

"अचानक कसा संपंल वो? पीठ मळायच्या आधी आमी डबा उघडून बघतो का न्हाय?" झुंबरबाईंचा आवाज बोळात ऐकू जात होता. "उद्या पुण्याची गाडी येतीया. तीन हजार खोक्यांचा फराळ तळून ठेवलाय. तो काय पदरात बांधून दिऊ? तुमाला म्हाईत नव्हतं पुठ्ठा कमी हाय त्ये?"

राजवीरनं बाबांकडं बघितलं, बाबांनी राजवीरकडं. मग लालासाब हळूच म्हणाला, "म्या लिवलं हुतं, बाई. ह्या फळ्यावर. पुजंला पुसलं."

झुंबरबाई माझ्यासमोर आल्या. 'श्री'ला त्यांनी बोटं लावली, कपाळाला लावली. मग कमरेचा पदर सोडला आणि कडेपासून कडेपर्यंत मला पुसून काढलं. "देवाला समदं कळतं. तुमालाच कळंना झालंय," त्या म्हणाल्या. लालासाबपुढं हात केला, त्यानं खिशातला खडू दिला. त्यांनी मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं: 'शिरोळ १८०० खोकी'. आणि बाराशे खोकी घेऊन त्या गेल्या. जाताना एकदाही मागं वळून बघितलं नाही.

पुण्याच्या गाडीनं बाराशे खोकी उचलली, उरलेला फराळ घेतला नाही. बायकांनी तो पिशव्यांत भरून जयसिंगपूरच्या बाजारात नेला. थोडा खपला, बाकीच्या करंज्यांचा चुरा झाला. कंपनीनं कळवलं की पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्यांना दिलंय. हे सगळं लालासाबनं कृष्णातला माझ्यासमोरच सांगितलं. सांगताना त्याचं जेवण तसंच राहिलं.

गणपतरावांनाही लागलं असावं. पुठ्ठा आला तशी त्यांनी अठराशे खोकी फुकट छापली. प्रत्येकावर पणती आणि 'शुभ दीपावली'. तेव्हा तुळशीची लग्नंसुद्धा उरकली होती. खोक्यांची थप्पी माझ्यासमोर रचून ते म्हणाले, "लालासाब, झाली बघा छापून. तेवढा आकडा पुसा आता."

लालासाब जागचा हलला नाही. इतक्या वर्षांत मी त्याचा चढलेला आवाज ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला.

"छापून झाली, मालक. पोचली कुठं?"

मित्रांनो, तो आकडा अजून माझ्यावर आहे. पुसायची कुणाची हिंमत नाही. तुमच्याही घरात, दुकानात, शाळेत माझ्यासारखं कुणीतरी असेल, रोज खरं तेच सांगणारं. त्याचा मान करा, जरूर करा. पण हात जोडायच्या आधी डोळे उघडा आणि त्यानं काय सांगितलंय ते वाचा. बत्तीस बायका परत भांगलणीला गेल्यात.