गजावर टांगलेले अस्वल

मित्रांनो, राजधानीच्या कडेला वसलेल्या बाथोरेतल्या कुठल्याही गल्लीत मान वर करा. अर्धवट बांधलेल्या घरांच्या वर निघालेल्या लोखंडी गजांवर माझे भाऊबंद लटकताना दिसतील. त्यांतले उन्हापावसाने राखाडी पडलेले, एका कानाचे जुने अस्वल म्हणजे मी.

माझा जन्म वर डोंगरात झाला. सहकारी शेती मोडली तेव्हा हाझीरच्या वाट्याला तीन मेंढ्या आणि एक लष्करी कांबळे आले. त्याच्या बायकोने, झादेने, कांबळे कापले, आत मेंढ्यांची लोकर कोंबली आणि मला धाकट्या लेकीच्या, मेरुशेच्या हातात दिले. त्या मुलीने मला क्षणभर खाली ठेवले नाही. पण हाझीर कामाला होता ती खाण बंद पडली, गावातली घरे एकेक करून कुलूप लावून राजधानीकडे निघाली आणि शेवटी आम्हीही ट्रकवर चढलो. मागे राहिले हाझीरचे वडील, युमेर.

"घर उभं राहिलं की न्यायला येतो, बाबा," हाझीर म्हणाला.

"घर कशाला? मला एक कोपरा पुरे."

"तुम्हाला कोपऱ्यात बसवू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

आमच्याकडे घरातल्या वडीलधाऱ्याला पुरुष पाहुण्यांसाठी स्वतःची बैठक लागते. तिथे शेकोटीजवळची मानाची जागा त्याची. बैठक नसलेल्या घरात बापाला आणणे म्हणजे त्याची शोभा करणे, असे हाझीरला वाटे.

खाली आल्यावर जुन्या सरकारी शेतात, कुणाला न विचारता, त्याने विटा रचायला घेतल्या. भिंत छातीपर्यंत आली तेव्हा मला मेरुशेकडून घेऊन गजाला तारेने बांधले. लोकांची दृष्ट माझ्यावर पडावी, घरावर पडू नये म्हणून. मेरुशे खूप रडली. शेजारच्या घरावर बाहुली होती, पलीकडे ससा. दृष्ट लागण्यासारखे कुणाकडेच काही नव्हते, तरी सगळे जपून होते.

पहिल्या हिवाळ्यात मला फार वाईट वाटले. मग लोकर भिजून जड झाली आणि हळूहळू काही वाटेनासे झाले. भिंत चढली तसे मलाही वरच्या गजावर चढवले. मेरुशे आधी रोज हात हलवायची. मोठी झाल्यावर तिने वर बघणे सोडले, त्याचेही काही वाटले नाही.

डोंगरातून शाबान गाडीवाला चीज आणि निरोप घेऊन येई.

"म्हातारा विचारतोय, अजून किती?"

"बैठकीचं छप्पर राहिलंय, सांग."

पुढच्या शरदात तो पुन्हा आला. "अरे, तुझ्या आळीत आता कुत्रंसुद्धा भुंकत नाही. म्हातारा भिंतीशी बोलतो."

"शेकोटी राहिलीय फक्त."

झादे खालून ओरडली, "अहो, आणा की त्यांना! माझ्याजवळ बसतील, भाज्या निवडतील."

"बायकांत? माझा बाप?"

"त्यांना विचारलंत का कधी?"

हाझीर विटांवर पाणी मारत राहिला.

शेवटी शेकोटी झाली. भिंतीला लागून लाल गाद्या अंथरल्या गेल्या. हाझीरने दाढी केली, उद्या निघतो म्हणाला. त्याच दुपारी शाबान रिकाम्या हाताने आला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"म्हातारा गेला रे, हाझीर. आजूबाजूला कुणी नव्हतं, त्यामुळे कळायलाही उशीर झाला."

डोंगरात माती देऊन हाझीर परतला. मग रीतीप्रमाणे पुरुष भेटायला येऊ लागले. छातीवर हात ठेवून "तुम्ही सुखरूप राहा" म्हणत, जोडे काढून वर बैठकीत जात. नवी शेकोटी पहिल्यांदा पेटली. खिडकीतून मला सगळे दिसत होते. गावाकडचा एक वृद्ध कॉफी पिता पिता इकडेतिकडे बघून म्हणाला, "बैठक मात्र झकास बांधलीस हो. बापाचं नाव राखलंस."

हाझीर उठला, जिना उतरला आणि अंगणात बायका बसल्या होत्या त्यांच्यात जाऊन बसला. झादेने सरकून त्याला जागा दिली.

मित्रांनो, मी कांबळ्याचे अस्वल, मला काय कळणार? तरी एक मागणे मागते. ज्यांना आणायचे आहे त्यांना अर्ध्या भिंतींच्या घरात आणा, बिनछपराच्या घरात आणा. पावसात भिजली तर भिजू देत, पण तुमच्याजवळ भिजू देत.