शेवटची चार बोटं

लिफ्टसाहेबांनी सव्वीस वर्षं लिफ्टचे आराखडे काढले, आणि त्या सव्वीस वर्षांत त्यांची एकही लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली नाही, असं ते स्वतःच सांगत. बायको म्हणे, अडकली असेल, पण आतला माणूस तक्रार करायला बाहेर आला नसेल. अठ्ठावन्नाव्या वर्षी कंपनीने हातात एक घड्याळ देऊन त्यांना घरी पाठवलं. तीन महिन्यांत घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं, दोन दारं उगाचच उतरवून पुन्हा बसवून झाली, आणि शेवटी बायकोच्या आग्रहावरून लेकीने बाबांसाठी काम आणलं.

लेक शिडाच्या बोटी चालवायची. कारखान्यात तयार झालेली बोट समुद्रातून नेऊन गिऱ्हाइकाच्या बंदरात पोचवायची, हा तिचा धंदा. सात वर्षं तिने दुसऱ्यांच्या हाताखाली काढली होती. यंदा पहिल्यांदाच कारखान्याच्या मालकीणबाईंनी तिला कप्तान नेमलं होतं. अकरा दिवसांचा समुद्र, तीन माणसं आणि हुकूम तिचा. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा जिन्यावरूनच ओरडत आली होती.

बोट जरा निराळी होती. शिडाच्या बोटीला पोटाखाली एक लांब पातं असतं, त्याला कील म्हणतात. टोकाला शिशाचा गोळा असतो. वाऱ्याने बोट आडवी झाली की ह्या वजनामुळे ती परत उभी राहते. पण ह्या गिऱ्हाइकाची खाडी उथळ होती, तिथे खोल कील चालण्यासारखी नव्हती. म्हणून कील वर ओढून घेता यायला हवी होती. बोटीच्या मधोमध एक उभी पेटी, पेटीतून पातं वर-खाली होणार, दोर गुंडाळणाऱ्या विंचच्या हँडलने हळूहळू सोडायचं आणि तळाला टेकलं की आडवी खिटी घालून पक्कं करायचं. खिटी बसली नाही आणि बोट उलटली, तर नऊशे किलोचं पातं सुळकन पेटीत परत येणार आणि बोट पोट वर करून तशीच पडून राहणार. थोडक्यात, आतल्या माणसांचा जीव त्या खिटीवर.

"माझे बाबा करतील," लेक मालकीणबाईंना म्हणाली होती. "वर-खाली जाणारं काहीही त्यांना सांगा."

लिफ्टसाहेबांनी ते केलं, आणि झकास केलं. पात्याच्या दोन्ही बाजूंना गुळगुळीत नायलॉनच्या पट्ट्या, लिफ्टला असतात तशाच. पेटी आणि पातं यांत फट इतकी कमी की समुद्रात पातं खडखडू नये. शेडमध्ये बोट लाकडी घोड्यांवर उभी असताना त्यांनी स्वतः हँडल फिरवलं. कील लोण्यासारखी खाली आली. खिटी टक्कन बसली. कारखान्याचा सुतार म्हणाला, "लिफ्टसाहेब, आता फक्त आत आरसा आणि पंखा लावा." तेव्हापासून हे नाव चिकटलं.

बोट पाण्यात उतरली. लेकीने चाचण्या सुरू केल्या. पहिला आठवडा सुरळीत गेला, दुसरा गेला, आणि तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिचा फोन आला.

"बाबा, खिटी बसत नाहीये. पातं चार बोटं वरच थांबतंय."

"थांबतंय म्हणजे?"

"म्हणजे थांबतंय. दोर सैल पडतो, पातं हलत नाही."

पात्याचा माथा किंचित जाड होता, त्यामुळे शेवटच्या चार बोटांत ते पेटीत घट्ट बसावं अशीच योजना होती. घट्ट बसावं, पण बसावं तरी! लिफ्टसाहेब धावत धक्क्यावर गेले. धक्क्यापर्यंतच गेले. कारण ह्या गृहस्थांना पाण्याची भीती होती. बोटीसाठी आराखडा काढणारा हा माणूस तरंगत्या बोटीवर एकदाही चढला नव्हता, आणि "इथूनही दिसतंय की" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

क्रेनने बोट बाहेर काढली. त्या कारखान्यात मालकीणबाईंच्या वडिलांपासूनचा एक नियम होता. पाण्यातून काढलेल्या बोटीच्या आतल्या कामाला आठ दिवस हात लावायचा नाही. ओल्या बोटीवर केलेलं काम टिकत नाही, म्हणून गरम शेडमध्ये ती आधी वाळू द्यायची. नियम चांगलाच होता. आठ दिवस वाळण्याचे आणि वर रंगाची डागडुजी धरून बाराव्या दिवशी, लिफ्टसाहेबांनी हँडल फिरवलं. कील लोण्यासारखी खाली. खिटी टक्कन.

"बसली की!" ते म्हणाले.

लेक बघतच राहिली. "मग तिथे का नाही बसली?"

बोट पुन्हा पाण्यात गेली. दोन आठवडे शहाण्यासारखी वागली आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा चार बोटं वर अडली. पुन्हा क्रेन, पुन्हा बारा दिवस, पुन्हा लोणी. सुतार म्हणाला, "पाण्यात आजारी, जमिनीवर बरी. शाळेच्या दिवशी पोट दुखणाऱ्या पोरासारखं आहे हे."

लिफ्टसाहेबांच्या डोक्याचा भुगा झाला. पेटीत शेवाळ अडकलं असेल? नव्हतं. शिंपले? नव्हते. पाण्यात बोटीचा आकार बदलत असेल? मग पहिल्याच दिवशी का नाही बदलला? त्यांनी दोन वह्या गणितांनी भरल्या आणि दोन्हींची उत्तरं एकच आली, की सगळं बरोबर आहे. सगळं बरोबर असताना पातं अडतं कसं, हे मात्र वहीत येईना. राहत्या इमारतीच्या लिफ्टमध्ये उभे राहून ते पाच-पाच वेळा वर-खाली करू लागले, दाराच्या फटीत डोळा लावून. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांच्या बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ह्यांचं सगळं ठीक आहे ना?"

"ठीकच आहे," बायको म्हणाली. "फक्त घरी असतात आता."

इकडे गिऱ्हाईक ताटकळत होतं. मालकीणबाईंनी लिफ्टसाहेबांना टेबलापाशी बसवलं. "साहेब, मला घोळ नकोय. दोष कशात आहे ते दोन ओळींत लिहून द्या."

दोन ओळी! लिफ्टसाहेबांनी कागद पुढे ओढला. मग त्यांनी नीट विचार केला, म्हणजे आपण नीट विचार करतोय असं त्यांना वाटलं. जमिनीवर कील कोण सोडतं? आपण. बसते. पाण्यात कोण सोडतं? लेक. बसत नाही. पेटी तीच, पातं तेच, दोर तोच. बदलतं काय, तर हात. इतकं सरळ गणित दीड महिना दिसू नये म्हणजे कमालच झाली. तरी लिहिताना हात जरा अडखळला, म्हणून त्यांनी वाक्य जपून केलं: 'यंत्रणेत दोष आढळला नाही. पाण्यात पातं सोडताना घाई होत असावी.'

संध्याकाळी लेक घरी आली ती जेवायच्या टेबलापाशी उभीच राहिली.

"मी घाई करते, बाबा?"

"तसं नाही म्हटलं मी. होत असावी, असं म्हटलंय."

"म्हणजे कोण करत असावं? बोटीवर मीच असते ना?"

"अगं, गणितात दुसरं काही निघतच नाहीये."

"एवढं वाटत होतं तर एकदा बोटीवर येऊन हँडल धरायचं होतं!" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. लेकीने ताट ओढलं आणि ती जेवायला बसली. सगळं जेवली, काही टाकलं नाही, आणि त्याचंच लिफ्टसाहेबांना जास्त वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी मालकीणबाईंनी कप्तान बदलला. तीस वर्षं समुद्र बघितलेला एक दाढीवाला आला आणि लेकीला शिडांच्या खोलीत फाटकी शिडं शिवायला बसवलं. आधीच्या चाचण्यांना तिच्याबरोबर असलेले दोघे खलाशी दाढीवाल्याकडे गेले. जाताना त्यातला एक हसून म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." लिफ्टसाहेबांनी ते ऐकलं. तिनेही ऐकलं. सुई खाली ठेवून तिने दोरा बदलला.

बोट पाण्यात गेली. अठरा दिवसांनी, निघायला तीन दिवस उरले असताना, दाढीवाल्याने कील सोडली. ती चार बोटं वर थांबली.

धक्क्यावर उभे असलेले लिफ्टसाहेब गोंधळून गेले. हा माणूस तर गोगलगाईसारखा हँडल फिरवत होता, त्यांनी स्वतः पाहिलं होतं. मग घाई कुणी केली? हाताचं गणित होतं ना? दाढीवाल्याने सगळ्या आराखडेवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि बोट तिथल्या तिथे वर काढायला लावली. नियम सांगायला आलेल्या सुताराला तो म्हणाला, "आठ दिवस तुमच्याकडे असतील, माझ्याकडे तीन आहेत. आत्ता उघड."

सुताराने पाणी गळत असलेल्या पेटीत हात घातला आणि एक पट्टी काढायला गेला. ती निघेना. छिन्नी लावली, हातोडा मारला, तेव्हा कुठे ती सुटली.

"साहेब," तो पट्टी हातात उलटसुलट करत म्हणाला, "ही मी बोटाने बसवली होती. आता हातोडा का लागला?"

लिफ्टसाहेबांनी पट्टी घेतली. ओली होती. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. बारा मिलिमीटरची पट्टी सव्वाबारा भरली. चुकलं असेल म्हणून चष्मा पुसून पुन्हा लावला. सव्वाबारा. कपाटातली कोरी पट्टी मोजली, बरोबर बारा. त्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी धरल्या.

नायलॉन पाणी पितं. हळूहळू पितं आणि फुगतं. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, विशीत परीक्षेला लिहिलं होतं त्यांनी. पण लिफ्टच्या कोरड्या विहिरीत सव्वीस वर्षं पाण्याचा थेंब आला नाही आणि ते ठाऊक असणं कुठेतरी मागे पडलं. पाण्यात तीन आठवडे पट्टी फुगायची आणि पातं अडायचं. मग आठ दिवसांच्या नियमाने बोट गरम शेडमध्ये वाळायची, पट्टीही वाळायची, आणि हे महाशय कोरड्या पट्टीवर हँडल फिरवून म्हणायचे, बसली की! काखेत कळसा आणि गावाला वळसा. वळसा लेकीच्या अंगावरून गेला होता, एवढाच काय तो फरक.

ते मालकीणबाईंकडे गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. दोन ओळींत.

बाईंनी ऐकून घेतलं. "पाणी न पिणारी पट्टी असते?"

"असते. मी बसवून देतो. पण तीन आठवडे पाण्यात ठेवून बघावी लागेल."

"दाढीवाला थांबणार नाही. त्याची पुढची बोट ठरलीय." मालकीणबाई म्हणाल्या. "तुमची लेकच नेईल. आणि साहेब, पुढच्या बोटीला मी दुसरा माणूस बघते. राग मानू नका."

राग कसला मानणार! उलट त्यांना हलकं वाटलं. आता शिडांच्या खोलीत जायचं, सांगायचं, मिटवायचं, असा त्यांचा हिशोब. लेक जमिनीवर पसरलेल्या पांढऱ्या शिडाच्या मधोमध बसली होती. त्यांनी ओली पट्टी तिच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुझ्या हाताचा दोष नव्हता. माझा होता. बोट तूच नेणार आहेस."

तिने पट्टी उचलून बोटांत फिरवली. आनंद झाल्यासारखी दिसेना.

"मग मला आठवतंय कसं?" ती म्हणाली.

"काय?"

"घाई केलेली. तुम्ही लिहिलंत ना, त्यानंतर मला आठवायलाच लागलं. त्या दिवशी वारा होता म्हणून मी भराभर सोडलं होतं. दुसऱ्या वेळी मनगट दुखत होतं. मी इथे बसून एकेक वेळ आठवत होते, बाबा, आणि प्रत्येक वेळी घाई केलेली दिसत होती. अजूनही दिसतेय. ते खरं नव्हतं?"

"नव्हतं."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही कुठे होतात तिथे?"

पट्टी बदलून देता येत होती. ह्याला काय बदलून द्यायचं, हे लिफ्टसाहेबांना कुठल्याच कंपनीने शिकवलं नव्हतं.

नव्या पट्ट्या बसल्या. तीन आठवडे बोट पाण्यात राहिली, आणि बाविसाव्या दिवशी सकाळी लिफ्टसाहेब धक्क्यावरून फळीवर उतरले, फळीवरून बोटीवर गेले. त्यांनी एका हाताने डोलकाठी घट्ट धरली. लेकीने हँडल हातात घेतलं आणि कील सोडायला सुरुवात केली. एक फेरा, मग थांबणं, मग दुसरा. दाढीवाल्यापेक्षाही हळू. पातं खाली गेलं, शेवटची चार बोटंही गेलं, आणि खिटी टक्कन बसली.

"बसली!" लिफ्टसाहेब म्हणाले.

लेकीने वाकून खिटी पाहिली, बोटाने दाबून पाहिली. मग ती उपसून काढली, पातं पार वर ओढलं आणि पुन्हा सोडायला लागली. पुन्हा बसली. तिने पुन्हा काढली. खलाशी एकमेकांकडे बघायला लागले. निघायची वेळ झाली होती, वारा चांगला होता.

"अगं, बसतेय," ते हळूच म्हणाले. "प्रत्येक वेळी बसतेय."

"हो," ती म्हणाली, आणि पाचव्यांदा हँडल धरलं. "तुम्ही नुसतं बघा, बाबा. मी घाई करतेय का, ते सांगा."