गुणगुणण्याच्या ऑर्डरी

ज्या दिवशी खांबेटेकाकूंनी आईचं गुणगुणणं डब्यात भरून नेलं, त्याच्या आदल्या दिवशी घरात सगळं नेहमीसारखं होतं. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती आणि सवयीने गुणगुणत होती. शब्द नसलेलं, कुठूनही सुरू होणारं. ऋजुता बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसली होती. मायलेकी एकमेकींशी फारसं बोलत नसत. त्यांचं बरं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खांबेटेकाकू फिरकीच्या झाकणाचा डबा घेऊन आल्या.

"आमच्या ह्यांना झोप नाही हो. भिंतीपलीकडून तुमचं ऐकू आलं की जरा डोळा लागतो. थोडं द्या ना."

आईने डबा तोंडाशी धरला, गुणगुणली आणि झाकण घट्ट बसवलं. काकूंनी नोट पुढे केली. "घ्या हो. फुकट कसं नेऊ?"

त्या संध्याकाळी आईने भाजी गप्प बसून निवडली.

"आज गुणगुणत नाहीस?" ऋजुताने विचारलं.

"उगीच कशाला वाया घालवायचं?"

मग लोक येऊ लागले. कुणाकडे बारसं होतं, कुणाची सून रुसली होती. "मिस्टरांना शुगर आहे, जरा कमी गोड द्या," असं एक बाई म्हणाल्या आणि आईने तसं दिलं. आई खुशीत होती. ती इस्त्रीची साडी नेसून ओट्यापाशी उभी राहायची.

"जन्मभर हे फुकट गेलं," ती म्हणाली. "घरात कोण ऐकत होतं?"

ऋजुताने पान उलटलं.

आईच्या गळ्याखाली खळगा पडला. आधी त्यात लिंबू मावलं असतं, मग वाटी. पुढे त्यातून मागच्या भिंतीच्या फरशा दिसायला लागल्या.

"डॉक्टरांना दाखवू या."

"सणाच्या ऑर्डरी आहेत गं. एवढ्या होऊ देत."

रांग जिन्यातून घरात आली. तिला जागा व्हावी म्हणून बाहेरची खोली लांबत गेली. स्वयंपाकघराचं दार काडेपेटीएवढं दिसू लागलं. ऋजुता उठून तिकडे निघाली.

"ओ ताई, लाईन आहे."

"मी मुलगी आहे त्यांची."

"मग तुम्हाला कसली घाई? तुमचं तर घरचंच आहे."

ती रांगेत उभी राहिली. रांग सरकत होती. वाटेत तिचं कपाट लागलं, मग तिचा पलंग. त्यावर अनोळखी माणसं मांडीवर डबे घेऊन बसली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

ती पोचली तेव्हा ओट्यापाशी साडी उभी होती. निऱ्या नीट होत्या, पदर खांद्याच्या जागी होता. आत कुणी नव्हतं. समोरच्या उघड्या डब्याच्या तळाशी गुणगुणणं चाललं होतं, शेवटचं, अगदी बारीक. खांबेटेकाकू हातात झाकण घेऊन थांबल्या होत्या.

"भरला का बघ गं जरा."

ऋजुता डब्यावर वाकली.

"आई, मी ऐकत होते," ती म्हणाली.

काकूंनी झाकण टेकवलं.

"पुस्तक नुसतं हातात असायचं."